बलुत्यापासून बाजारापर्यंत : व्यवसायाचे स्वरूप आणि उद्दिष्टे

शाळेच्या प्रवेश अर्जात 'पालकाचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. त्या रकान्यात शेतमजुरी, ऊसतोड, बिगारी काम, घरकाम, नोकरी असे शब्द वर्षानुवर्षे लिहिले जात आहेत. क्वचित एखाद्या अर्जात भाजीविक्री, शिलाईकाम, मंडप-डेकोरेशन किंवा वेल्डिंगचे दुकान अशी नोंद आढळते. काटेकोरपणे पाहू गेल्यास या दोन प्रकारच्या नोंदींत मोठे अंतर आहे. पहिल्या गटातील माणसे श्रम विकून उपजीविका करतात. दुसऱ्या गटातील माणसे व्यवसाय करतात. बोलीभाषेत आपण दोघांनाही 'व्यवसाय' म्हणतो आणि त्यात गैर काही नाही. परंतु अर्थशास्त्राने हा भेद जपला आहे आणि आपल्या समाजाच्या दृष्टीने तर तो विशेष महत्त्वाचा आहे. ज्यांना शतकानुशतके काम भरपूर मिळाले पण व्यवसाय मिळू दिला गेला नाही, त्यांनी तरी हे दोन शब्द एक मानू नयेत.

प्रस्तुत लेखात व्यवसाय या आर्थिक क्रियेचे स्वरूप काय, तिची उद्दिष्टे कोणती आणि आपल्या इतिहासाच्या प्रकाशात ती कशी दिसतात, याचा विचार करावयाचा आहे.

आर्थिक क्रिया म्हणजे काय?

माणूस दिवसभर नाना क्रिया करतो. त्यांपैकी ज्या क्रिया उत्पन्न मिळविण्यासाठी, म्हणजेच वस्तू किंवा सेवांच्या उत्पादन, विनिमय आणि वितरणासाठी केल्या जातात, त्यांना आर्थिक क्रिया म्हणतात. माया, कर्तव्य, श्रद्धा किंवा छंद यांपोटी केलेल्या क्रिया अनार्थिक होत. क्रिया तीच असली तरी हेतू बदलला की तिचे स्वरूप बदलते.

भाकरीचेच उदाहरण घेऊ. आई घरात भाकरी थापते, ती लेकरांसाठी. तिचे श्रम अमोल आहेत, पण अर्थशास्त्राच्या रूढ हिशेबात ती क्रिया आर्थिक ठरत नाही. (स्त्रियांच्या या श्रमांना हिशेबात स्थान नसणे हाही एक अन्यायच आहे, तो स्वतंत्र लेखाचा विषय होय.) वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातील मावशी भाकरी थापतात, त्यांना दरमहा पगार मिळतो. पीठ संस्थेचे, तवा संस्थेचा आणि भाकऱ्या उरल्या तर नुकसानही संस्थेचे. ही नोकरी झाली. बसस्थानकाजवळ गाळा घेऊन एखादी भगिनी भाकरी-भाजीचे डबे विकते. पीठ तिचे, तवा तिचा, भाव ती ठरवते, उरलेल्या भाकऱ्यांचे नुकसान तिचे आणि हाती राहिलेली शिल्लकही तिचीच. हा व्यवसाय झाला.

आर्थिक क्रियांचा तिसरा प्रकार म्हणजे पेशा. डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल हे विशिष्ट शिक्षण व परवाना घेऊन सेवा देतात आणि शुल्क घेतात. पेशात पात्रता महत्त्वाची, नोकरीत करार महत्त्वाचा आणि व्यवसायात जोखीम महत्त्वाची, असा ढोबळ भेद सांगता येईल.

व्यवसायाची लक्षणे

व्यवसायाची काही लक्षणे सर्वमान्य आहेत. ती पाठ करण्यापेक्षा समजून घेणे अधिक उपयुक्त ठरेल.

पहिले लक्षण विनिमयाचे. स्वतःच्या घरापुरते ज्वारी पिकविणारा शेतकरी त्या ज्वारीपुरता व्यवसाय करीत नाही. बाजारासाठी पिकवू लागला की करतो. दुसरे लक्षण सातत्याचे. आपला जुना रेडिओ एकदा विकला म्हणजे आपण व्यापारी झालो असे नव्हे. रेडिओ घेणे, दुरुस्त करणे आणि विकणे हे नियमाने चालले पाहिजे. तिसरे लक्षण असे की, व्यवसायाने कोणाची तरी गरज भागली पाहिजे. ज्या योजनेत वस्तू नाही, सेवा नाही, फक्त नवे सभासद आणून त्यांच्या पैशांतून जुन्यांना पैसे दिले जातात, ती योजना व्यवसायाचा कोट घातलेली फसवणूक असते. 'साखळी' नावाने वस्त्यावस्त्यांत शिरणाऱ्या अशा योजनांनी आपल्या अनेक कुटुंबांची पुंजी बुडविली आहे. कोणतीही योजना समोर आली की एकच प्रश्न विचारावा : यात विकले काय जाते आणि ते घेणाऱ्याला खरोखर हवे आहे काय?

चौथे लक्षण नफ्याच्या हेतूचे. नफा म्हणजे गल्ल्यात जमलेली रक्कम नव्हे. समजा, डबे विकणाऱ्या त्या भगिनीची दिवसाची विक्री १,५०० रुपये झाली. पीठ, भाजी, तेल आणि गॅस यांवर ८०० रुपये गेले. गाळ्याचे भाडे व वीज यांचे १५० रुपये झाले. हातात उरले ५५० रुपये. पुष्कळजण यालाच नफा समजतात. परंतु ती दिवसभर राबली आहे. तेवढेच काम तिने दुसरीकडे केले असते तर, समजा, ४०० रुपये मजुरी मिळाली असती. ती वजा केल्यावर खरा नफा उरतो १५० रुपये. त्यातूनच भांड्यांची झीज भरून काढायची आणि पावसाने ग्राहक न आलेल्या दिवसाची तूटही सोसायची. हा हिशेब न मांडल्यामुळे कित्येक छोटे व्यावसायिक वर्षानुवर्षे स्वतःची मजुरीच नफा म्हणून खात राहतात आणि 'धंदा वाढत का नाही' या प्रश्नाचे उत्तर त्यांना सापडत नाही.

पाचवे लक्षण जोखमीचे. भाव पडतात, माल खराब होतो, उधारी बुडते, रस्ता रुंद होतो आणि दुकान जाते. नफा हा या अनिश्चिततेला सामोरे जाण्याचा मोबदला आहे. जोखीम सोसण्यासाठी मागे काहीतरी आधार असावा लागतो. ज्याच्या घरी दोन एकर जमीन, मामाचे दुकान आणि ओळखीचा बँक व्यवस्थापक आहे, त्याचा एक धंदा बुडाला तर तो दुसरा उभारतो. ज्याच्या घरी उद्याच्या पिठाचीच भ्रांत आहे, त्याला एकही चूक परवडत नाही. म्हणून 'तुमच्या लोकांत धाडस नाही' असे जेव्हा कोणी म्हणतो, तेव्हा त्याला नम्रपणे सांगावे की धाडसालाही भांडवल लागते.

बलुते हा व्यवसाय का नव्हता?

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे थोडे थांबणे आवश्यक वाटते. गावगाड्याचे वर्णन करताना 'बारा बलुतेदार आपापला व्यवसाय करीत' असे वाक्य अनेक पुस्तकांत येते. वर दिलेल्या लक्षणांच्या कसोटीवर हे वाक्य तपासून पाहावे.

महाराने गावाची वेस राखावी, सरकारी टपाल पोहोचवावे, पाहुण्या अंमलदाराची वर्दी द्यावी, सारा भरण्यास जाणाऱ्याची सोबत करावी, हद्दीच्या तंट्यात साक्ष द्यावी, मेलेले जनावर ओढावे. कामाला वेळ नव्हती आणि नकाराला वाव नव्हता. मोबदला म्हणून खळ्यावर धान्याचा वाटा आणि वतनाची तुटपुंजी जमीन मिळे. त्या वाट्याचे माप देणारा ठरवी. आता पाहा : यात निवड नव्हती, कारण काम जन्माने ठरत होते. भाव नव्हता, कारण सेवेची किंमत ठरविण्याचा अधिकार सेवा देणाऱ्याला नव्हता. बाजार नव्हता, कारण एका गावचा महार दुसऱ्या गावाला आपली सेवा अधिक दराने देऊ शकत नव्हता. आणि काम सोडण्याची मोकळीकही नव्हती. कष्ट होते, कौशल्य होते, सातत्य तर पिढ्यान् पिढ्यांचे होते. परंतु व्यवसायाचा प्राण असलेले स्वातंत्र्य तेवढे नव्हते. सुतार, लोहार आदी अन्य बलुतेदारही या चौकटीत बांधलेले होतेच. अस्पृश्य मानलेल्यांच्या वाट्याला त्या बंधनासोबत विटाळाचा शिक्काही आला.

या व्यवस्थेमागे धर्मशास्त्राचे बळ होते. शूद्राने समर्थ असूनही धनसंचय करू नये, असा दंडक मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आहे. म्हणजे भांडवल उभे राहू नये, हीच शास्त्राज्ञा होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे त्या ग्रंथाचे दहन झाले, ते या अर्थाने एक आर्थिक घोषणापत्रही होते. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या प्रबंधात दाखवून दिले की जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे आणि तीही उतरंडीची. ज्या कामाची आवड नाही व जे सोडताही येत नाही त्यात कार्यक्षमता कशी येणार, हा त्यांचा प्रश्न अर्थतज्ज्ञाचा होता.

त्यापूर्वीच, १९२८ मध्ये, त्यांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वंशपरंपरागत वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले होते. महार वतनदारांना गुलामीच्या या जोखडातून मोकळे करावे, हा त्यामागील हेतू होता. वतनाच्या जमिनीचा मोह अनेकांना सुटत नव्हता. बाबासाहेबांना मात्र त्या तुकड्यात समाजाची बेडी दिसत होती. कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. म्हणजे आज साठी-सत्तरीत असलेल्या आपल्या बांधवांचे आईवडील बलुत्याच्या छायेतच वाढले. पिढीजात दुकानदारांच्या तुलनेत आपण बाजारात किती उशिरा उतरलो, हे यावरून ध्यानात यावे.

ग्राहकावाचून व्यवसाय नाही

बंधने कायद्याने गेली तरी बाजार आपोआप खुला होत नाही. कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांची हकीकत या संदर्भात मुद्दाम सांगण्यासारखी आहे. संस्थानच्या नोकरीत असताना स्पृश्यांच्या पाण्याला शिवल्याबद्दल त्यांना मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांना हे कळले तेव्हा त्यांनी गंगारामांना स्वतंत्र धंदा करण्यास सांगितले आणि त्यासाठी साहाय्य दिले. गंगारामांनी चहाचे हॉटेल काढले. भांडवल होते, जागा होती, चहाही उत्तम होता. फक्त स्पृश्य ग्राहक पायरी चढेना. तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी त्या हॉटेलपुढे उभी करीत, चहा मागवीत आणि सोबतच्या मंडळींनाही तो प्यायला लावीत.

या प्रसंगाकडे आपण नेहमी समतेचा प्रसंग म्हणून पाहतो. तो अर्थशास्त्राचाही धडा आहे. भांडवल देणे हे साहाय्याचे अर्धेच काम झाले. ग्राहक मिळवून देणे हे उरलेले अर्धे. राजर्षींनी दोन्ही केले. आजच्या बहुतेक योजना पहिल्या अर्ध्यावरच थांबतात.

स्वतः बाबासाहेबांनाही हा अनुभव आला. परदेशातून परतल्यावर, १९१८ च्या सुमारास, मुंबईत त्यांनी शेअर्स व गुंतवणुकीविषयी सल्ला देणारी एक पेढी सुरू केली होती. अर्थशास्त्रातील त्यांचे ज्ञान त्या काळी शहरातील फार थोड्या लोकांकडे असेल. पण सल्लागार अस्पृश्य आहे असे कळताच ग्राहक येईनासे झाले आणि ती पेढी बंद करावी लागली. त्याच वर्षी ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. पुढे १९२३ मध्ये 'रुपयाचा प्रश्न' हा ग्रंथ लिहून त्यांनी देशाच्या चलनव्यवस्थेवर मूलगामी विवेचन केले. ज्यांना बाजाराने सल्लागार म्हणून नाकारले, त्यांच्याच ज्ञानाचा लाभ पुढे साऱ्या देशाला झाला. बाजार नेहमी गुणाचीच पारख करतो, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानी ठेवावे.

व्यवसायाची उद्दिष्टे

व्यवसायाचे उद्दिष्ट काय, असे विचारताच 'पैसा मिळविणे' हे उत्तर येते. ते चूक नाही, अपुरे आहे. नफ्याशिवाय व्यवसाय तगत नाही. परंतु केवळ नफ्याच्या मागे लागलेला व्यवसायही फार काळ तगत नाही. व्यवस्थापनशास्त्रज्ञ पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये असे प्रतिपादन केले की ग्राहक निर्माण करणे हाच व्यवसायाचा हेतू होय. गंगारामांच्या हॉटेलची कथा आठवली की या विधानाचे मर्म चटकन उमगते.

अभ्यासक व्यवसायाच्या उद्दिष्टांचे सामान्यतः तीन गट करतात. आर्थिक उद्दिष्टांत नफा, ग्राहकवाढ, नव्या कल्पनांचा अवलंब आणि साधनांचा काटकसरीने वापर यांचा समावेश होतो. सामाजिक उद्दिष्टांत चांगला माल, योग्य भाव, अचूक वजनमाप, भेसळ व साठेबाजीपासून दूर राहणे आणि रोजगारनिर्मिती ही येतात. मानवी उद्दिष्टांत कामगारांचे वेतन, सुरक्षितता, सन्मान आणि त्यांच्या कौशल्याचा विकास यांचा विचार होतो.

या तिसऱ्या गटाविषयी आपल्यातील नव्या व्यावसायिकांना दोन शब्द सांगावेसे वाटतात. १९३८ साली मनमाड येथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही या दोहोंना कामगारांचे शत्रू म्हटले होते. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग, विमा व शेती शासनाकडे असावी, अशी योजना मांडली. निरंकुश नफेखोरी त्यांना मान्य नव्हती. म्हणून आपल्यातील एखादा ठेकेदार वस्तीतील मुलांना कामावर घेऊन त्यांची मजुरी थकवीत असेल, तर त्याच्या कार्यालयात कोणाची तसबीर लावली आहे याला फारसा अर्थ उरत नाही. देणाऱ्याने माप ठरवावे आणि घेणाऱ्याने मुकाट्याने पदर पसरावा, ही बलुत्याचीच रीत झाली.

महात्मा जोतीराव फुले यांचे उदाहरण याच्या उलट आहे. ते पुणे कमर्शियल अँड काँट्रॅक्टिंग कंपनीत भागीदार होते आणि बांधकामाचे ठेके घेत. खडकवासल्याच्या धरणासारख्या कामांशी त्यांचा संबंध होता. या व्यवसायामुळे त्यांना आर्थिक स्वावलंबन लाभले आणि समाजकार्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागला नाही. शिवाय बांधकामावरील मजुरांची स्थिती त्यांनी डोळ्यांनी पाहिली. ठेकेदारी व सरकारी खात्यांतील लबाडीवर त्यांनी लिहिले, ते या अनुभवातूनच.

धम्माची दृष्टी आणि लेण्यांची साक्ष

बौद्ध धम्म म्हणजे संसारत्याग आणि संसारत्याग म्हणजे धनाचा तिटकारा, असा एक गैरसमज आढळतो. तथागतांचे पहिले दोन उपासक, तपुस्स आणि भल्लिक, व्यापारीच होते. श्रावस्तीचा अनाथपिंडिक हा श्रेष्ठी होता. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत, असा उपदेश आहे : एक भाग उपभोगासाठी, दोन भाग व्यवसायात आणि एक भाग अडचणीच्या काळासाठी राखीव. म्हणजे मिळकतीचा निम्मा हिस्सा पुन्हा धंद्यात घालावा! अंगुत्तरनिकायात शस्त्रे, माणसे, मांस, मद्य आणि विष या पाच गोष्टींचा व्यापार उपासकाने करू नये, असे सांगितले आहे. व्यवसाय करावा, परंतु दुसऱ्याच्या नाशावर करू नये, हा त्याचा आशय.

हा केवळ उपदेश राहिला नाही. आपल्या महाराष्ट्रातील लेणी त्याची साक्ष देतात. कार्ल्याचे भव्य चैत्यगृह पूर्ण केल्याचे श्रेय तेथील लेखात वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीला दिले आहे. त्याहूनही बोलका लेख नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात आहे. सुमारे १,९०० वर्षांपूर्वी क्षत्रप नहपानाचा जावई ऋषभदत्त याने भिक्खुसंघासाठी ३,००० कार्षापणे गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवली. एका श्रेणीकडे २,००० कार्षापणे दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि दुसरीकडे १,००० कार्षापणे दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मूळ रक्कम परत करावयाची नव्हती. केवळ व्याज वापरावयाचे होते.

आता गणित करून पाहा. २,००० कार्षापणांचे महिन्याचे व्याज २० आणि वर्षाचे २४०. लेखात म्हटले आहे की लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापणे द्यावीत. वीस गुणिले बारा, बरोबर २४०! सातवी-आठवीच्या मुलांना हे गणित फळ्यावर घातले की त्यांचे डोळे चमकतात. या एका लेखात मुद्दल आहे, व्याज आहे, दोन ठिकाणी विभागलेली ठेव आहे. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदविल्याचाही उल्लेख आहे, म्हणजे लेखी हिशेब आणि लोकांसमोरील पारदर्शकता आहे. वर्षाला बारा टक्के व्याज देऊनही ज्यांच्या हाती काही उरत असेल, त्या विणकरांचा धंदा किती सुस्थितीत असेल! आणि ज्यांच्याकडे राजघराण्याने कायमची ठेव विश्वासाने ठेवली, ते हाताने माग चालविणारे कारागीर होते. हात चालविणाऱ्याला हलका समजण्याची रीत या मातीत पुढे बळावली, तशी ती कायमचीही नाही, हे त्या दगडावर कोरलेले आहे.

नोकरी की व्यवसाय?

आज पालकांपुढे हा प्रश्न उभा आहे. आपल्या समाजाने शिक्षण आणि आरक्षण यांच्या बळावर नोकरीत जे मिळविले, ते थोडे नाही. या शाळेतून बाहेर पडलेल्या पिढ्या त्याची साक्ष आहेत. आरक्षण हा संविधानाने दिलेला अधिकार आहे. 'आता व्यवसाय करा' असे सांगत तो अधिकार हळूच काढून घेण्याचा डाव असेल, तर त्यास विरोधच केला पाहिजे. परंतु सरकारी जागा घटत आहेत, कंत्राटी भरती वाढत आहे आणि शिकलेला मुलगा तिशी ओलांडेपर्यंत स्पर्धा परीक्षांची पुस्तके घेऊन बसलेला आहे, हेही डोळ्यांआड करता येत नाही. नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या मध्यस्थाच्या हाती आईचे दागिने आणि शेताचा तुकडा विकून लाखो रुपये देणारी कुटुंबे आपण पाहतो. तीच रक्कम घालून एखादा छोटा धंदा उभारू, असे मुलाने म्हटले तर घरात रडारड होते. मध्यस्थाला दिलेल्या पैशातील जोखीम दिसत नाही, दुकानातील दिसते, एवढाच काय तो फरक.

मार्ग काही प्रमाणात मोकळे झाले आहेत. राज्यात १९७८ पासून महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ कार्यरत आहे. २००५ मध्ये पुण्यात दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजेच डिक्की, ही संघटना स्थापन झाली. केंद्राच्या २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योजकांकडून ४ टक्के खरेदी करण्याची तरतूद आहे. ही तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ती कर्ज देत नाही, ग्राहक देते; राजर्षींच्या त्या गाडीसारखी. योजनांचे नियम व मुदती बदलत असल्याने प्रत्यक्ष अर्ज करण्यापूर्वी बँकेत किंवा जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करावी.

तरीही काही गोष्टी आपल्याच हातात आहेत. धंद्याचा पैसा आणि घरचा पैसा वेगळा ठेवावा. दोन वेगळी खाती उघडावीत. रोजची जमाखर्चाची वही रोजच लिहावी. उधारीला मर्यादा घालावी, मग मागणारा सख्खा मेहुणा असला तरी. सुरुवात आपल्याला येत असलेल्या कामापासून करावी आणि लहान करावी. सण, लग्न आणि जयंतीची वर्गणी यांसाठी भांडवलाला हात लावू नये. सिगालोवादातील चौथा भाग त्यासाठीच सांगितला आहे.

माजी विद्यार्थ्यांवर यातील एक मोठी जबाबदारी येते. तुमच्यापैकी अनेकजण अधिकारी, अभियंते, प्राध्यापक आहात. आपल्या लहान भावंडांपैकी कोणी छपाई, कॅटरिंग, वीजजोडणी किंवा संगणक दुरुस्तीचे काम करीत असेल, तर त्याला कौतुकाच्या शब्दांपूर्वी काम द्या. कामाचा दर्जा मात्र सवलतीने तपासू नका. चूक झाली तर स्पष्ट सांगा आणि पैसे वेळेवर द्या. उशिरा मिळालेल्या पैशांनी छोटे धंदे जितके बुडतात, तितके तोट्यानेही बुडत नसतील. पालकांनी मुलीला शिवणयंत्र घेऊन देताना सोबत हिशेबाची वही घेऊन द्यावी आणि तिच्या कमाईवर तिचा अधिकार मान्य करावा. शाळेनेही अर्थशास्त्राचा तास पुस्तकाबाहेर न्यावा. वर्षातून एकदा मुलांनी स्वतः बाजार भरवावा, माल आणावा, भाव ठरवावा, विकावा आणि नफातोट्याचा हिशेब सर्वांसमोर वाचून दाखवावा.

आपल्या कामाची किंमत आपण ठरविणे, ती मान्य नसल्यास काम नाकारणे आणि मिळालेल्या शिलकेचे काय करावयाचे हेही आपणच ठरविणे, या तीन गोष्टी व्यवसायाच्या मुळाशी आहेत. आपल्या पूर्वजांना यांतील एकही लाभली नव्हती. दुकानाची पाटी लहान असो वा मोठी, या तीन गोष्टी जो सांभाळील आणि आपल्याकडे काम करणाऱ्यालाही त्या नाकारणार नाही, त्याने बलुत्यापासून बाजारापर्यंतचे अंतर खऱ्या अर्थाने कापले असे म्हणता येईल.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम.